जिन्याखालचा पाळणा

नाशिक रोड,
१९ नोव्हेंबर १९९६

ती. आईंस,
प्रतिभाचा सा. नमस्कार.

दिवाळीत हे मळ्यावर येऊन तुमच्याशी बोलून गेले, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. गावातल्या फोनवर बोलावं तर दुकानात चार माणसं कान देऊन बसलेली असतात, म्हणून पत्र. हे परत आले ते शीळ घालतच. मी जिन्यातच विचारलं, आई काय म्हणाल्या? तर म्हणाले, 'घरात बाळ येणार आहे एवढं सांगितलं आणि आईने लगेच देवापुढे साखर ठेवली.' आई, खरं सांगते, तुम्ही नाही म्हणाल अशी मला भीती वाटत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तुमचा स्वभाव मी अजून ओळखला नाही असं दिसतं. साखरेचं ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आता आमचा उद्योग सांगते. आतली लहान खोली, जिथे माझं शिलाई मशीन आणि ट्रंका होत्या, ती रिकामी केली. ट्रंका आमच्या पलंगाखाली गेल्या. भिंतींना लिंबासारखा पिवळा रंग दिला, मी स्टुलावर चढून वरचा भाग आणि यांनी बसून खालचा, कारण यांना उंचावर गरगरतं. यांची हौस म्हणजे विचारू नका. प्रेसमधून आले की कपडे न बदलता खोलीत शिरतात. बटाटा अर्धा कापून त्याचे ठसे केले आणि भिंतीला चहूबाजूंनी द्राक्षाच्या घडांची वेल उठवली. म्हणतात, मळ्याचं लेकरू आहे, त्याला डोळे उघडल्यावर द्राक्षं दिसली पाहिजेत. भाऊजींकडून मागच्या मोसमातली द्राक्षांची लाकडी खोकी आणली होती, ती घासून एकावर एक ठोकून दुपटी-कपडे ठेवायला मांडणी केली. माझी हळदीची साडी कापून मी पडदा शिवला. पाळण्यावर टांगायला कापडाचे राघू-मैना शिवतेय. एका राघूची मान वाकडी झालीय, तो तसाच ठेवणार आहे.

मेन रोडला जाऊन पाळणेही बघून आलो. पुढच्या पगाराला घेऊ म्हणतो. त्या बाई घरी येणार आहेत, बाळ कुठे झोपणार, खोलीत ऊन-वारा येतो का ते बघायला. त्यांना तुम्हालाही भेटायचं आहे. तारीख कळली की कळवते.

तुमची,
प्रतिभा

*

मळा, ता. निफाड,
२८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. प्रतिभास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी देवाला हात जोडले आणि मग कपाळाला हात लावला. अगं, या दिवसांत स्टुलावर चढून भिंती रंगवतेस? आणि तो माझा शहाणा लेक खाली बसून बघतो? पडली असतीस म्हणजे? त्या रंगाच्या वासाने मळमळत कसं नाही तुला? आजपासून स्टूल शेजारी देऊन टाक. मशीनही पायाने चालवायचं नाही.

मी नाही म्हणेन अशी भीती वाटली म्हणतेस. वेडी का खुळी तू? नऊ वर्षांनी कूस उजवली, कुठली सासू नाही म्हणेल? कितवा महिना ते मी समाधानला खोदून खोदून विचारलं. तो आपला 'कळेल, कळेल' करत गोठ्याकडे निघून गेला. पुरुषांना यातलं काय समजतं. तूच कळव. काय खावंसं वाटतं तेही कळव. सध्या गोटीरामबरोबर नाचणीचं पीठ आणि शेवग्याच्या शेंगा पाठवते. दवाखान्याच्या बाया घर बघायला घरी येतात हे मात्र नवीनच ऐकलं. आमच्या वेळी सुईण यायची तीही बोलवावी लागायची.

आता रागावून सांगते ते ऐक. पाळणा आणायचा नाही. मूल जन्माला येण्याआधी आपल्यात काही आणत नाहीत, झबलंसुद्धा नाही. पहिलं झबलं तर दुसऱ्याच्या धडधाकट लेकराचं वापरलेलं मागून आणतात. रिकामा पाळणा घरात हलता कामा नये. तुम्ही दोघं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. हसू नकोस. गोटीरामच्या आधी मला एक झालं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तुझ्या सासऱ्यांनी हौसेने सहाव्या महिन्यातच निफाडहून पाळणा आणला. मूल काही रडलं नाही. तो पाळणा त्यांनी स्वतः कुऱ्हाडीने फोडला आणि मी बाळंतिणीच्या खाटेवरून तो आवाज ऐकला. त्यानंतर दोन्ही पोरांच्या वेळी मूल रडल्याचं ऐकू आल्याशिवाय मी घरात दोरीही येऊ दिली नाही.

मी गावभर केलेलं नाही. फक्त शेजारच्या मळ्यातल्या भागीबाईला सांगितलं. आता भागीबाईला सांगितल्यावर गावभर वेगळं करायला लागत नाही, हे खरं. देवळात थोडे पेढे वाटले. वणीच्या देवीला खण-नारळ बोलले आहे. स्वतःला जप. सध्या विरळणीला माणसं लावली आहेत, घड मोकळे करायचं काम अंगावर आहे, नाहीतर मीच आले असते.

तुझी सासू,
अंबूबाई

*

नाशिक रोड,
४ डिसेंबर १९९६

ती. आईंस सा. नमस्कार.

तुमचं पत्र हातात धरून मी दुपारभर बसून होते. हे कामावरून आले तेव्हा यांच्यापुढे ठेवलं. हे वाचत गेले आणि खुर्चीतच लहान लहान होत गेले. मग कबूल झाले. तुम्हाला सगळं सांगायचं ठरवूनच हे मळ्यावर आले होते. 'घरात बाळ येणार आहे' एवढं म्हणाले आणि तुम्ही साखरेचा डबा काढलात. तुमचा तो चेहरा बघून पुढचं बोलणं यांच्या तोंडातून निघेना. उद्या सांगू, परवा सांगू करत हे तसेच परत आले आणि मला म्हणाले, सांगितलं. मी तुम्हाला सगळं माहीत आहे असं समजूनच ते पत्र लिहिलं.

आई, मला दिवस गेलेले नाहीत. जाणारही नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आम्ही ते तुमच्यापासून लपवलं. आम्ही संस्थेतून मूल दत्तक घेत आहोत. ज्या बाई येणार आहेत त्या दवाखान्याच्या नाहीत, संस्थेच्या आहेत. कोणतं मूल मिळेल, मुलगा की मुलगी, कुठलं, कोणाचं, यातलं काही त्या आधी सांगत नाहीत आणि आम्हीही अट घातलेली नाही. आधी त्या घर बघतात. बाळाची सोय कुठे केली ते बघतात, म्हणून आम्ही खोलीच्या मागे लागलो. आणि घरातल्या मोठ्या माणसांना मनापासून मान्य आहे का, हे त्या स्वतः समोर बसून विचारतात.

तुम्ही नाही म्हणालात तर त्या मूल देणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर मग मीही घेणार नाही. ज्या लेकराला एकदा कोणीतरी सोडलंय त्याला इथे आणून पुन्हा परकं म्हणवून घ्यायचं, हे माझ्याने होणार नाही.

तुम्ही पेढे वाटलेत, देवीला बोललात, त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तुमच्या पहिल्या बाळाचं वाचून तर काय लिहावं ते सुचत नाही. रागावा, पण उत्तर पाठवा.

तुमची,
प्रतिभा

*

नाशिक रोड,
३ जानेवारी १९९७

ती. आईंस सा. नमस्कार.

महिना होत आला, तुमचं पत्र नाही. परवा गोटीरामभाऊजी बाजारसमितीत आले होते, वांगी देऊन गेले. चहा घेतला, खोलीच्या दारात उभं राहून 'रंग बरा लागलाय' म्हणाले. तुमची चौकशी केली तर खाली बघून म्हणाले, 'आई लय काम करती सध्या. बोलत नाय कोणाशी.'

संस्थेच्या बाई पंचवीस तारखेला, शनिवारी सकाळी येणार आहेत. खोली पूर्ण झाली आहे. यांनी छताला पाळण्याची कडी बसवली होती, तुमचं पत्र आल्यापासून पाळण्याचं नाव मात्र काढलं नाही. काल मी खोलीत केर काढायला गेले आणि ती पिवळी भिंत बघवेना. म्हणून दार लावून घेतलं. हे घरात असतात आणि नसल्यासारखे असतात. मी बोलत नाही असं यांना वाटतं, पण मला बोलायचं काही आठवतच नाही.

तुमच्यावर जबरदस्ती करायची नाही. संक्रांतीपर्यंत तुमचं काही आलं नाही तर मी संस्थेला येऊ नका म्हणून कळवीन. एवढंच सांगायला लिहिलं.

तुमची,
प्रतिभा

*

मळा,
९ जानेवारी १९९७

चि. सौ. प्रतिभास आशीर्वाद.

खोलीचं दार आधी उघड. नवा रंग बंद खोलीत ओल धरतो.

मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. तुझ्यावर कमी आहे, समाधानवर जास्त. माझ्या पोटच्या पोराला माझी एवढी भीती वाटते, की तो साखर तोंडात धरून खोटा हसतो? आणि दोन वर्षं तुम्ही डॉक्टरचं बोलणं गिळून बसलात. मी इकडे तुझ्यासाठी उपास करत होते, तो उपास तरी सोडवायचा होता. त्यात भागीबाई. तिने कितवा विचारलं तेव्हा मी अंदाजाने चौथा सांगून बसले होते. तुझं पत्र आल्यावर तिला खरं सांगायला जीभ रेटेना. मग पुढचा महिना लागल्यावर ती पदरात चिंचा घेऊन आली, सुनेला पाठवा म्हणून. मी घेतल्या. या वयात मी खोटी चिंच घेतली, ती तुमच्यामुळे.

खोटं लिहायचं तर न लिहिलेलं बरं, म्हणून इतके दिवस गप्प होते. मला समाधानच्या नाकाचा नातू हवा होता. तो नाही म्हटल्यावर मला रडू आलं. रडले. कुणाला दिसू नये म्हणून बागेत काम करत राहिले.

बागेत सध्या पेठकडची माणसं विरळणीला आहेत. बायांची तान्ही लेकरं मांडवाच्या तारांना झोळ्या बांधून झोपवलेली असतात. परवा त्यातलं एक रडायला लागलं. मी डोक्यात राख घालून चालले होते, तरी जाता जाता झोळीला झोका दिला. ते गप्प झालं, मी हात काढला की पुन्हा रडू लागलं. असं बराच वेळ चाललं. नंतर त्याची आई धावत आली तेव्हा मला कळलं, की हे कोणाचं आहे ते मी विचारलंच नव्हतं. तिला पाठवलं परत कामाला. म्हटलं, झोपू दे, मी आहे.

तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतंय. तुमचं ते जे कुठलं लेकरू असेल त्याची पाचवी कोणी पुजली असेल का? पाचव्या दिवशी सटवाई कपाळावर लिहायला येते. तिच्यापुढे पाटा-वरवंटा मांडायला, दिवा लावायला घरचं कोणी नसेल तर ती काय लिहून गेली असेल? हे तू हसण्यावारी नेशील. मला झोप लागत नाही.

पंचवीस तारखेला मी येते. पण हो म्हणायला येते असं समजू नको. त्या बाईंना मला काही विचारायचं आहे, त्याचं उत्तर मिळाल्यावर काय ते सांगीन. समाधानला म्हणावं स्टँडवर घ्यायला येऊ नको. गोटीराम जीपने आणेल.

अंबूबाई

*

नाशिक रोड,
१८ फेब्रुवारी १९९७

ती. आईंस सा. नमस्कार.

बातमी आधी लिहिते, बाकीचं नंतर. मुलगी आहे. संस्थेतून बोलावणं आलं, काल आम्ही दोघं जाऊन तिला बघून आलो. साडेपाच महिन्यांची आहे, सावळी, डोक्यावर केस म्हणावेत असे नाहीत. यांचं बोट तिने मुठीत धरलं ते सोडेना, आणि हे तिथे सगळ्यांसमोर रडले. तिथे तिला रोशनी म्हणतात. तुम्हाला आवडलं तर तेच ठेवू. कोर्टाचे कागद मागाहून होतील, येत्या दोन मार्चला ती घरी येईल.

दुसरी बातमी तुमच्या झोपेसाठी. मी लाजत लाजत तिथे पाचवीचं विचारलं. तिथल्या आया विठाबाई हसल्या. येणाऱ्या प्रत्येक लेकराची पाचवी त्या स्वतः पुजतात. जन्माचा दिवस नक्की ठाऊक नसेल तर संस्थेत आल्यापासूनचा पाचवा दिवस धरतात. रोशनीच्या वेळी पाटा, दिवा, हळदकुंकू, सगळं झालंय. 'सटवाईला मी बसवूनच घेते, घाईत लिहू देत नाय,' असं म्हणाल्या.

आई, पंचवीस तारखेचं मी कोणालाच नीट सांगू शकलेले नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे बघून मी चहाचं आधण ठेवायलाही विसरले. जीपमधून गोणपाटात बांधलेलं काहीतरी भाऊजींनी उतरवलं आणि जिन्याखाली ठेवलं, मला वाटलं कांदे असतील. तुम्ही यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. खोली बघितलीत, द्राक्षांच्या वेलीवरून बोट फिरवलंत, वाकड्या मानेचा राघू सरळ करून बघितलात आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसलात.

संस्थेच्या बाईंनी विचारलं, 'आजी, तुमची संमती आहे ना?' आणि तुम्ही उलट त्यांनाच विचारलंत, 'आधी मला सांगा, आमचं पोर जल्माला आलंय, का अजून व्हायचंय?'

बाई म्हणाल्या, मुलाबद्दल आत्ता काही सांगता येत नाही, नियम आहे. तुम्ही म्हणालात, 'नाव नका सांगू. पोरगा का पोरगी नका सांगू. जल्मलंय का तेवढं सांगा. नसंल तर मी पाळणा वर आणायची नाय. आणि असंल तर ते इतके दिस बिनपाळण्याचं हाय, मग उशीर आमच्याकडून झालाय.'

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. फाईल मिटली. खूप हळू म्हणाल्या, 'आलंय, आजी.'

तुम्ही पदर सावरलात आणि म्हणालात, 'गोटीराम, पाळणा वर आण.' पण भाऊजी उठायच्या आत हे जिना उतरत होते. हे ज्या पाळण्यात वाढले तोच पाळणा वर घेऊन आले. कडीला दोरी बांधताना तुम्ही यांना म्हणालात, 'गाठ नीट मार, लेकरू निजायचंय त्यात.' तेवढ्या एका वाक्याने या घरातला दीड महिन्याचा अबोला संपला. मी इतके दिवस ज्या बाळासाठी पडदे शिवत होते ते खरंच कुठेतरी आहे, श्वास घेतंय, हे मला तुमच्या त्या प्रश्नामुळे पहिल्यांदा कळलं. मी हा प्रश्न विचारायचं धाडसच केलं नव्हतं.

तुम्ही लगेच निघालात, काढणी तोंडावर आली म्हणून. राहा म्हणायचं राहून गेलं. तुम्ही इथे एका रात्रीपेक्षा जास्त कधी राहिलाच नाहीत, त्यामुळे म्हणायची सवयही नाही.

तुमची,
प्रतिभा

*

मळा,
२४ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. प्रतिभास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगी झाली हे वाचून देवापुढे साखर ठेवली. या वेळी पत्र पुरतं वाचून मग ठेवली. रोशनी नाव चांगलं आहे, ठेवा. केसांची काळजी करू नको, समाधानही वर्षाचा होईपर्यंत गुळगुळीत होता. विठाबाईंसाठी एक लुगडं घेऊन ठेव, मी देईन.

भागीबाईला सगळं खरं सांगून टाकलं. तिने आधी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, 'मग अंबू, पाचवा लागला होता तो कोणाला?' मी म्हटलं, मला. त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की गोटीराम बघायला आला. नंतर तिनेच तिच्या नातवाची वापरलेली झबली धुऊन आणून दिली. पहिलं त्यातलंच घालायचं. पोरगी साडेपाच महिन्यांची आहे, झबलं अंगात शिरणार नाही हे मला कळतं. नुसतं अंगाला लावून काढा.

आता खोलीचं. खोली फार सुंदर केली आहे तुम्ही. तिथे बोलले नाही, कारण तेव्हा बोलले असते तर रडले असते. पण तान्ह्या पोराला एकटं वेगळ्या खोलीत निजवायचं, हे त्या बाईंच्या कागदाला पटलं असेल, मला पटलेलं नाही. दिवसा पाळण्यात खेळू दे, द्राक्षं बघू दे. रात्री ती तुमच्या दोघांच्या मध्ये निजेल. नवीन घरात ती घाबरून उठेल, रडेल. तुला सवय नाही आणि समाधान तर तिच्याआधी रडायला लागेल. म्हणजे घरात जाणतं कोणीतरी पाहिजे.

काढणीला माणसं आहेत, गोटीराम बघेल. मी एक तारखेलाच येते. समाधानला म्हणावं स्टँडवर घ्यायला ये. आणि खोलीत खिडकीखाली जागा आहे, तिथे माझी खाट टाका.

आई